स्क्रीनवरचं सुलट नाव

बावीस वर्षं चंद्रावती आपल्या खाज्यांच्या गाड्याजवळ उभी राहून "येवा, येवा, आजून येवा... पुरे!" असं ओरडत आली होती, आणि त्या ओरडण्यावर तिच्या नवऱ्याची, गोकुळदासची, पिकप गाडा ओढून न्यायला मागे येत येत बिनचूक गाड्याच्या दांड्याला भिडत आली होती. गेल्या आठवड्यात या गृहस्थानं डिचोलीला जाऊन पिकपला मागे कॅमेरा आणि पुढे स्क्रीन बसवून आणली, आणि धारगळच्या अख्ख्या वाड्यासमोर जाहीर केलं, "आता तुज्या बोंबलण्याची गरज नाय!" लोक खो खो हसले. चंद्रावतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज जत्रेचा दिवस उजाडला तरी ती काही खाली उतरली नव्हती.

जत्रा केरीची. तिथं देवळाच्या पायऱ्यांसमोरची पहिली जागा चंद्रावतीची, सासूच्या काळापासूनची. पण कमिटीचा नियम कडक. चारच्या आत गाडा जागेवर लागला नाही, तर जागा शेजारच्या गाड्याला. शेजारचा गाडा पद्मावतीचा. तीही खाजेच विकायची, आणि गेली तीन वर्षं दर जत्रेला चंद्रावतीच्या जागेकडे बघून सुस्कारे सोडायची.

दोन वाजता गोकुळदास पिकपमध्ये बसला. चंद्रावती हाताची घडी घालून दारासमोरच्या सोप्यावर बसली. आज तोंडातून शब्द काढीन तर शपथ!

"बघ गे, स्क्रीनीर तुजां नाव कसां झगझगीत दिसता!" तो आतून ओरडला. गाड्यावर लाल रंगात 'चंद्रावती खाजेवाली' असं ठसठशीत लिहिलेलं होतं. चंद्रावतीनं मान फिरवली.

स्क्रीनवर दांडा थोडा डावीकडे दिसला म्हणून गोकुळदासनं पिकप डावीकडे घेतली. दांडा आणखी डावीकडे सरकला. त्यानं आणखी डावीकडे घेतली. मागे माड होता. चंद्रावतीला तो दिसत होता, पण ती गप्प राहिली. आमच्या बोंबलण्याची गरज नाही ना? मग बसा! धाडकन आवाज झाला आणि वरून एक असोला नारळ पिकपच्या टपावर आला.

"सांगूक काय जाता तुका?" गोकुळदास खाली उतरून गरजला.

"कॅमेऱ्याक इचारा!"

तो दात-ओठ खात पुन्हा आत बसला, पिकप पुढे घेतली आणि पुन्हा मागे आणली. या खेपेला दांडा उजवीकडे दिसला. त्यानं उजवीकडे घेतली, आणि उजवीकडचा नळ मुळापासून उखडला. पाण्याचा जो फवारा उडाला तो थेट गाड्यावर. आत पहाटेपासून खपून केलेली, गुळाच्या पाकात घोळवलेली खाजी होती. शपथ गेली उडत! चंद्रावती ताडपत्री घेऊन धावली आणि गाडा झाकता झाकता स्वतः नखशिखांत भिजली.

"खाजी भिजली तर जत्रेत काय विकू मी, पेज?" तिनं पिकपचं दार उघडलं. "सरा थंयसून! बघू दे माका तुमचो कॅमेरो!"

ती ओल्या लुगड्यानिशी सीटवर चढली. स्क्रीनवर तिचं नाव खरंच झगझगीत दिसत होतं. पण माड उजवीकडे दिसत होता. तिनं बाहेरच्या आरशात पाहिलं. तिथं माड डावीकडे होता. पुन्हा स्क्रीन पाहिली, पुन्हा आरसा.

"अवो, ह्यो उलटो आसा!"

"उलटो नाय, सुलटो आसा. उलटो होतो तो मी सुलटो करून घेतलंय."

"म्हंजे?"

गोकुळदास जरा घुटमळला. "पयल्या दिसा तुजां नाव उलटां दिसतालां. अक्षरां सगळी फिरलेली. बायलेचां नाव असां उलटां कित्याक बघू मी? परत डिचोली गेलंय. दुकानदार म्हणतालो, असांच आसता. मी म्हटलां, तुज्या बायलेचां नाव बघ उलटां! झगडलंय, तेवा खंय तेणी फिरवलां."

चंद्रावतीला क्षणभर बरं वाटलं. मग बरं वाटल्याचाच राग आला.

"आरशात नाव उलटांच दिसता! तां सुलटां केलात म्हणान डावां-उजवां फिरलां! नावाक घाला चुलीत, जागा जाता माजी! झाका तां मेलां!"

गोकुळदासनं निमूटपणे खांद्यावरचा टॉवेल स्क्रीनवर टाकला. चंद्रावती पाणी निथळत गाड्याजवळ जाऊन उभी राहिली. "येवा, येवा, आजून येवा... पुरे!" खट्. पहिल्याच फटक्यात दांडा बसला. तीन वाजून गेले होते.

केरीला पोचले तेव्हा चाराला चार मिनिटं कमी होती. पद्मावतीनं आपलं मेज आधीच अर्धं पहिल्या जागेत सरकवलं होतं. कमिटीचा गुरुदास मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभा होता.

"मेज काढ गे ताबडतोब!" चंद्रावती चालत्या पिकपमधूनच कडाडली आणि खाली उतरून अख्ख्या जत्रेला ऐकू जाईल असं ओरडू लागली, "येवा, येवा... पुरे!" गाडा जागेत चपखल बसला. गुरुदासनं मान डोलावली. पद्मावतीनं मेज मागे ओढलं, पण नजर काही मागे घेतली नाही.

घटकाभरानं तीच गोड तोंड करून आली. "चंद्रावती, तुमी कॅमेरो बसयल्यात मगे? आमच्यांच्याय मनात आसा. जागा धरूक येळेर पावता मनीस. बरो आसा?"

गोकुळदासनं तोंड उघडलं. चंद्रावतीनं त्याच्या पायावर आपला पाय दाबून ठेवला.

"बरो तर! पण एक ध्यानात दवर. तुज्याय गाड्यार तुजां नाव आसा. तां स्क्रीनीर उलटां दिसतलां. दुकानदार म्हणतलो, असांच आसता. तेचां बिल्कूल आयकू नकात. झगडून सुलटां करून घेवा."

"बरां सांगलंस गे बाये!" पद्मावतीनं तिचा हात हातात घेतला, आणि तिथूनच नवऱ्याला हाक मारली, "अवो, आयकलात? माजां नाव सुलटांच करून घेवा हां!"