पहिल्या खान्याचा मान

एका जंगलात, बाळांनो, जोवर घड्याळ नव्हतं तोवर सगळं वेळेवर चालायचं.

भूक लागली की जेवण व्हायचं. झोप आली की झोप व्हायची. अंडी उबली की फुटायची. म्हणजे किती मागासलेलं जंगल असेल, तुम्हीच विचार करा.

तिथला राजा होता सुळोजीराव नावाचा रानडुक्कर. हसू नका. गादी पाच वर्षांसाठी मिळाली होती आणि त्यातली चार संपत आली होती. राजाला ह्या एकाच गोष्टीची काळजी होती. बाकी प्रकृती उत्तम.

सुळोजीरावांनी जंगलात सुधारणा केली. अंडी उबवायचं यंत्र आणलं. जेवणाची घंटा देणारं यंत्र आणलं. राजाची कारकीर्द किती उरली ते दाखवणारंही एक यंत्र आणलं आणि आणल्या दिवसापासून त्याच्याकडे बघायचं टाळलं. मग कायदे केले. अंडी घरी उबवायची नाहीत, सरकारी यंत्रात ठेवायची. आणि दरबारातल्या कोणीही घंटा होण्याआधी खायचं नाही. खाल्लं की पद गेलं.

"हा कायदा आम्हालाही लागू!" असं राजा भर सभेत म्हणाला. टाळ्या पडल्या. बोलून बसला बिचारा.

ह्या सगळ्या यंत्रांना ठोके पुरवायला एक चिप होती. करवंदाच्या बीएवढी. तिच्या शेजारी एक स्फटिक थरथरत असे. चिप त्या थरथरीचे ठोके करायची आणि ज्याला जसे हवेत तसे वाटून द्यायची. कोणाला किती, हे तिच्या पोटातल्या खान्यांत आकडे लिहून ठरवायचं. पहिला खाना मूळ ठोक्याचा. दुसरा अंड्यांचा, तिसरा घंटेचा, चौथा कारकिर्दीचा.

आकडे लिहायचं काम सुतारपक्ष्याकडे होतं. त्याला सगळे खटपटे मास्तर म्हणत. चोच बारीक, स्वभाव चिकट, आणि बोलायला गेला की समोरचा पेंगायचा. शहाण्या माणसाचं हे असंच होतं.

एके दिवशी राजाने मास्तरांना बोलावलं. शेजारी साळिंदर दिवाण काटे पाडून अदबीने उभे होते.

"मास्तर, आमची कारकीर्द जरा हळू चालेल असं करता येईल?"

"येईल की महाराज. चौथ्या खान्यात वीस लिहितो. तो काटा वीसपट हळू चालेल. दुसऱ्या कोणाला धक्काही लागणार नाही."

राजाचा चेहरा खुलला. एका वर्षाची वीस वर्षं! पण दिवाणांचे काटे ताठ उभे राहिले.

"चौथ्या खान्यात? महाराजांचा आकडा अंड्यांच्या नंतर?"

"अहो दिवाणजी, तो नुसता क्रम आहे."

"क्रम म्हणजेच मान! लग्नात तुम्ही महाराजांना चौथ्या पंगतीला बसवाल का?"

राजाने लगेच तोंड पाडलं. त्याला आधी वाईट वाटलं नव्हतं. दिवाणांनी सांगितल्यावर वाटलं.

"महाराज, पहिला खाना मुळाचा आहे," मास्तर काकुळतीला आले. "तिथे वीस लिहिलं तर सगळंच वीसपट हळू होईल. अंडी, घंटा, भिंतीवरची घड्याळं, सगळं."

"मग जंगल राजाच्या चालीने चालेल. ह्यात वाईट काय?" दिवाण म्हणाले.

"निदान आधी तात्पुरतं लिहून बघू. वीज बंद केली की ते पुसलं जातं. कायमचं कोरलं तर संपलं. ह्या चिपवर एकदाच कोरता येतं."

"कायमचं म्हणता? वा!" राजा म्हणाला. "तेच करा. मुहूर्त बघा."

ही बातमी यमू टिटवीच्या कानावर गेली. तिची चार अंडी सरकारी यंत्रात होती. फुटायला आठच दिवस राहिले होते. ती धावत दरबारात आली.

"महाराज, ठोका पडला की यंत्रातला दिवा लागतो, म्हणून ऊब आहे. वीसपट हळू झालं तर माझी लेकरं गारठून मरतील हो!"

"यमूताई, विकास म्हटला की थोडं सोसावं लागतं," दिवाण म्हणाले. त्यांनी स्वतः कधी अंडं घातलं नव्हतं.

"मग माझी अंडी मला परत द्या."

"अर्ज करा. तीस दिवसांत निकाल मिळेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी, हारतुऱ्यांसकट, पहिल्या खान्यात वीस कोरलं. मास्तरांनी डोळे मिटून चोच मारली. ढोल वाजले. राजाचा आकडा पहिल्या खान्यात बसला.

इकडे यंत्रातला दिवा विझला आणि लागेचना. यमू दारापाशी तडफडत उभी. दारावर तरस पहाऱ्याला. त्याचा जबडा तिला दिसत होता, पण ती हलली नाही.

पहारेकऱ्याला रोज अर्ध्या तासाची डुलकी मंजूर होती. तरसाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि पाय ताणले. आता विचार करा, ते घड्याळ वीसपट हळू. अर्धा तास भरायला दहा तास लागणार. आणि सरकारी डुलकी मध्येच मोडणं हा गुन्हा.

यमू आत शिरली. एकेक अंडं पायाने ढकलत, छातीने सावरत, चारही बाहेर काढली. माळावर खड्यांत नेऊन ठेवली आणि वर बसली. रडली खूप. मग उबवत राहिली.

तिकडे दरबारात दुपार झाली. घंटा होईना. संध्याकाळ झाली. घंटा होईना.

"मास्तर, जेवणाचं काय?"

"दिवसातून दोनदा होती महाराज. आता दहा दिवसांतून एकदा."

"अरे, मग नवी चिप मागवा!"

"मागवू की," दिवाण म्हणाले. त्यांचाही आवाज खोल गेला होता. "तीस दिवसांची जाहीर सूचना द्यावी लागेल. दरबारी घड्याळाचे तीस दिवस."

राजाने मनात हिशेब केला आणि मटकन खाली बसला. रताळ्याचा एक तुकडा तोंडात टाकला असता तर गादी गेली असती. नाही टाकला तर अजून वीस वर्षं राज्य. राजाने राज्य निवडलं. राजेच ते.

नवव्या दिवशी सुळोजीराव माळावरून झोकांड्या खात चालले होते. समोरून यमू आली. तिच्यामागे चार पिल्लं तुरुतुरु पळत होती. लुसलुशीत, गरमागरम.

राजाच्या तोंडाला पाणी सुटलं. यमूच्या काळजाचा ठोका चुकला. ती पंख पसरून मध्ये उभी राहिली.

"ही कोणाची पिल्लं?" राजा गुरगुरला.

दिवाणांनी वही उघडली. "महाराज, कागदोपत्री ही अजून अंडीच आहेत. पाच महिन्यांनी फुटतील."

"मग अंडी म्हणून खातो!"

"खा ना महाराज," यमू म्हणाली. "घंटा झाली का?"

राजाने दरबाराकडे कान लावला. सगळं जंगल शांत होतं. त्याने एकदा पिल्लांकडे बघितलं, एकदा गादीच्या दिशेने बघितलं, आणि आवंढा गिळला. तेवढंच कायद्यात बसत होतं.

पिल्लं त्याच्या पायांमधून पळून गेली.

तात्पर्य: थोरामोठ्यांना पहिला मान अवश्य द्यावा. कायमचा कोरून द्यावा. ते तो सांभाळत बसतात, तेवढ्यात आपली पोरं मोठी होतात.