कचरा डेपो आणि महादू आबांचं मत

महादू आबा बोलता बोलता जागा बदलतात. 'यंदा ऊस लावू की हळद' एवढं जरी कुणी विचारलं, तरी उसाची बाजू ते पाराच्या उजव्या टोकाला बसून सांगतात. मग उठतात, पायजमा झटकतात, डाव्या टोकाला जाऊन बसतात आणि तिथून हळदीची सांगतात. दोन्ही ऐकलेला माणूस घरी जाऊन शेवटी भुईमूग लावतो.

मी एकदा त्यांना याचं कारण विचारलं. "भाऊसाहेब, येकाच जाग्यावर बसून दोन बोललं तर माणूस खोटा वाटतो," आबा म्हणाले. "जागा बदलली की दोन माणसं खरं बोलत्यात. बराबर है?"

आबा पलटणीत स्टोअरला होते, त्यामुळे 'बराबर है' हे शेवटी येतंच. त्यांच्या या तर्कावर मी पुष्कळ विचार केला. अजून काही हाती लागलेलं नाही.

भाऊसाहेब म्हणजे मी, गावचा ग्रामसेवक. मूळचा वाईचा, बदलीनं सातारा-सांगलीच्या शिवेवरच्या या गावात आलो. आल्या आल्याच कचरा डेपोचं प्रकरण गळ्यात पडलं. शेजारच्या शहराचा कचरा आमच्या माळावर पडतो. तो डेपो आता वाढवायचा होता आणि त्यासाठी लगतचं गायरान हवं होतं. ग्रामसभेनं ना हरकत ठराव द्यायचा किंवा नाकारायचा, एवढाच विषय.

सभेत आबा उजव्या भिंतीशी उभे राहिले.

"डेपो हाय त्यो हायच. वाढवला तर निदान कुंपण व्हईल, रस्ता डांबरी व्हईल, आणखी बायास्नी काम मिळंल. वल्या कचऱ्याचं खत आपल्या रानात येईल. आन कचरा कुटं तरी जाणारच की! आपुन लग्नात पत्रावळ्या टाकतो, त्या काय सर्गात जात्यात?"

टाळ्या पडल्या. मी वहीत लिहिलं, 'आबा बाजूने.' तोवर आबा माणसं ओलांडत डाव्या भिंतीशी पोचले होते.

"कशाचं खत घिऊन बसलाय? वारं फिरलं की भाकरीवर माशी हाय का माशीखाली भाकरी हाय, कळत न्हाई. पावसात त्ये काळं पानी वढ्याला उतारतं. गायरान गेल्यावर शेरडं काय डांबरी रस्त्यावर चारायची? शहरानं खायाचं आन आमी निस्तरायचं, व्हय?"

पुन्हा टाळ्या पडल्या. वाजवणारे तेच. मी आधीचं खोडलं, नवीन लिहिलं, तेही खोडलं.

मागून कुणीतरी ओरडलं, "आवं आबा, मग मगाशी काय बोलला?"

आबांनी उजव्या भिंतीकडं बोट केलं. "त्येला ईचार की!"

तिथं कुणीच नव्हतं, तरी चार जणांनी वळून पाहिलं.

मग मतदान झालं. बाजूनं हात मोजले, बावन्न. विरोधात मोजले, बावन्न. दोन्ही वेळा एक हात आबांचा होता. म्हणजे आबा वगळले तर बरोबरी, आणि आबा धरावेत तर नेमके कुठं? सरपंचबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "भाऊसाहेब, उद्या त्यांच्या घरी जावा आन येक काय ते लिवून आणा." हे नियमात कुठं बसतं, मला अजून माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दीडच्या सुमारास गेलो. आबांचं घर गावाच्या टोकाला, डेपोला लागून. बायको वारून चार वर्षं झालेली. मुलगा विट्याच्या एका ओळखीनं लांब कोइमतूरला, सोनं गाळायच्या दुकानात. तेव्हा आबा एकटेच असणार असं मी धरून चाललो होतो.

पण ओट्यावर आठ बायका भाकरीची फडकी सोडून जेवायला बसल्या होत्या. डेपोवर कचरा निवडणाऱ्या. आबा आत चुलीशी चहा करत होते आणि तिथूनच ओरडत होते, "मंगल, लेकीचा ताप उतारला का गं?"

"उतारला, आबा."

"शालन, तुजा बिनसाखरेचा येगळा काडलाय."

"आबा, चा हाय का काडा हाय ह्यो?" शालन म्हणाली. बायका हसल्या आणि आबाही हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

बायका कामावर गेल्यावर मी वही काढली. आबांनी या वेळी जागा बदलली नाही.

"प्रस्तावाचं शेवटचं कलम वाचलं का?" त्यांनी विचारलं.

मी वाचलं नव्हतं. आता वाचलं. विस्तारात कामगार बायकांसाठी पक्की शेड, नळ, संडास आणि बसायला बाक.

"माज्या अर्जानं आलंय त्ये. सातारला लय हेलपाटं घातलं. डेपोवर त्यास्नी जायाला आडोसा न्हाई, भाऊसाहेब. जावं लागंल म्हणून सकाळपास्नं पानी पीत न्हाईत त्या. हितं माज्या घरी आल्यावर पित्यात."

"मग तुमचं मत बाजूनंच की! विरोधात हात का वर केलात?"

आबा बायकांचे रिकामे कप गोळा करू लागले.

"शेड झाल्यावर हितं कशाला येतील त्या?" ते म्हणाले. मग घाईघाईनं, "ही काय सार्वजनिक बाजू न्हाई. सभेत कशी बोलायची? हात आपसूक गेला वर."

मी वहीचं कोरं पान उघडलं.

"बाजूनं लिवा," आबा म्हणाले.

ठराव एका मतानं मंजूर झाला. वर्षभरात शेड उभी राहिली. रस्ता अर्धा झाला. खत येतं, माशाही येतात. झालं ते चांगलं की वाईट, असं लोक मला विचारतात, आणि मी उत्तर देऊ लागलो की अर्ध्यात माझंच मत फिरतं.

शेड सुरू झाली त्या दिवशी पाहणीला गेलो होतो. बायका आत बाकावर जेवत होत्या, नळाला पाणी होतं, हसण्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. परत निघालो तर ओट्यावरून आबांनी हाक मारली. "या, चा घ्या."

एक कप घेतला. त्यांनी न विचारता दुसरा भरला. तरीही पातेलं अर्ध्याच्या वर भरलेलं होतं.

"जरा जास्त झाला," आबा म्हणाले. "बसा की. काय घाई हाय?"

मला अडीचला तालुक्याला बैठक होती. मी चप्पल काढली, ओट्यावर मांडी घातली आणि कप पुन्हा पुढं केला.