सोनबांची पाठ

शालनची पत्र्याची पेटी दिवाळीपासून माहेरीच अडकली होती. पेटीसकट बायकोला पिंपरीला न्यायला ज्योतीराम मोशीला येऊन येऊन थकला. दर खेपेला सासरे सोनबा त्याला पोटभर जेवू घालत आणि एकट्यालाच परत पाठवत.

सोनबा एके काळचे नावाजलेले पैलवान. आपल्या पाठीला उभ्या जन्मात माती लागली नाही, हे ते रस्ता विचारायला आलेल्या माणसालाही ऐकवत. आणि जावई हा असा, काडी पैलवान. त्यातून नव्या कारखान्यात पहारेकरी.

"चोर आला तर काय करनार, जावईबापू? बसायला पाट देनार?" सोनबा विचारत. "अंगात रग हाय, येवढं दावा. पोर त्याच दिवशी धाडतो."

म्हणून ज्योतीराम जुडो शिकला. कारखान्याने पहारेकऱ्यांसाठी दापोडीच्या छावणीतला एक हवालदार शिकवायला आणला होता. गोधडीसारखा जाड अंगरखा घालायचा आणि समोरच्याचा अंगरखा धरून त्याला पाडायचं, अशी ती जपानी कुस्ती. ज्योतीरामला ती इतकी साधली, की कारखान्याच्या खेळांच्या दिवशी तो थेट शेवटच्या लढतीत जाऊन पोचला. सासऱ्यांना त्याने मुद्दाम बोलावून पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती.

समोर धिप्पाड गडी होता. ज्योतीरामने त्याचा अंगरखा धरला, पाय त्याच्या पोटाला लावला, आपण होऊन पाठीवर लोळण घेतली आणि गडी डोक्यावरून पलीकडे भिरकावला. पंचांनी हात वर केला, टाळ्या पडल्या, साहेबांनी पितळी कप दिला. कप छातीशी धरून ज्योतीराम पहिल्या रांगेकडे वळला, तर खुर्ची रिकामी.

संध्याकाळी तो मोशीला पोचला तेव्हा सोनबा उघड्या अंगाने अंगणात बसले होते.

"मामा, जिंकलो की."

"कोन जिंकलं? चारचौघांत उतानं पडला तुमी. त्यो बिचारा तुमच्या मागनं पडला. मला तोंड लपवून यावं लागलं."

"जुडोत आपली पाठ टेकलेली चालते, मामा."

"मग चालत काय न्हाई?" म्हणत सोनबांनी उठून त्याची मान बगलेत दाबली.

"मान पिरगळायची नाही!"

सोनबांनी मान सोडून बोटं धरली. "बोटंही नाहीत." मग घोटा धरला. "कोपराखेरीज कुठलाच सांधा नाही, मामा." सोनबांनी त्याला खाली घेऊन बरगड्यांना पायांची कैची घातली. तीही नियमात बसत नव्हती, पण हे सांगायला ज्योतीरामच्या छातीत वारा उरला नव्हता. त्याने हाताने दोनदा जमीन थोपटली.

"ह्ये काय?"

"असं थोपटलं... की सोडायचं असतं."

सोनबांनी सोडलं. हा नियम त्यांना सगळ्यात गमतीचा वाटला. "म्हंजी गडी कावला की जमीन थोपटनार, आनी दुसऱ्यानं लगीच सोडायचं? बरं झालं आमी म्हातारं झालो."

"एकदा माझा डाव बघा. फक्त धरायला अंगात काहीतरी घाला."

सोनबांनी लग्नकार्यातला काळा कोट चढवला. "कोट फाटंल," सासूबाई अंबुबाई आतून म्हणाल्या. पण कोट फाटला नाही. ज्योतीराम उताणा झाला आणि कोट सोनबांसकट त्याच्या डोक्यावरून जाऊन गोठ्यापाशी पाठीवर आपटला.

"काय पडलं वो, पैलवान?" कुंपणापलीकडून भैरूने विचारलं. भैरूला कळलं म्हणजे मोशीला कळलं.

दोघी मायलेकींनी आणि ज्योतीरामने सोनबांना घरात नेऊन पालथं निजवलं. अंबुबाई शेकासाठी वीट तापवायला बसल्या. शालनने कोटाची माती झटकली, तेव्हा म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "बिनमातीची पाठ, येवढी येकच इस्टेट व्हती, पोरी."

ज्योतीरामला मनापासून वाईट वाटलं. पेटी काय, आणखी वर्षभर राहिली असती.

"मामा," तो हळूच म्हणाला, "आधी पाठ कुणाची टेकली?"

"तुमची."

"मग तुमच्या हिशेबानं कुस्ती तिथंच संपली. नंतर कोण पडलं, ते कोण धरतं?"

सोनबांनी डोळे पुसले. "व्हय की," ते म्हणाले. मग म्हणाले, "शालन, पेटी भर."

तेवढ्यात भैरूच्या वहाणा ओसरीवर वाजल्या. सोनबा कण्हत उठले आणि भिंतीला टेकून ताठ बसले. "जावईबापू, आडवं व्हा. बिगीनं."

ज्योतीराम पालथा पडला. अंबुबाईंनी फडक्यात गुंडाळलेली वीट त्याच्या धडधाकट पाठीवर ठेवली.

"जावयाला चितपट केलं," सोनबांनी भैरूला सांगितलं. "पिंपरीचा कप जिंकून आला व्हता. जिंकल्याला चितपट केलं, मग कप कुनाचा?" कप फडताळात जाऊन बसलाही होता.

वीट भलतीच तापली होती. ज्योतीरामने काही वेळ कळ काढली, मग न राहवून दोनदा जमीन थोपटली. त्या घरात हा नियम ठाऊक असलेला दुसरा माणूस एकच होता. सोनबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"बघितलंस, भैरू? पडला तरी शड्डू ठोकतोय," ते म्हणाले. "रग हाय पोरात."

शालनने पेटीची कडी लावली. तो आवाज ऐकून ज्योतीराम निमूट पडून राहिला आणि अंबुबाईंनी चुलीतून दुसरी वीट काढली.