डोंगरावरचा पंखा

"आयला, पंखा बंद हाय!"

गच्चीवर चहा घेऊन आलेला बंकट ओरडला. समोरच्या डोंगरावरची पवनचक्की ढिम्म उभी होती. वारा पडला म्हणावं, तर त्याच वाऱ्याने दोरीवरची चादर शेजारच्या रामहरीच्या गच्चीवर नेऊन टाकली होती.

नेकनुरात विहिरीच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या बंकटने मोठा पराक्रम करून ठेवला होता. लेकीच्या, ऋतुजाच्या, नर्सिंगच्या फीचे पैसे त्याने 'वायुलहर' नावाच्या एका चिमुकल्या पवनऊर्जा कंपनीच्या शेअरमध्ये घातले होते. त्याचं स्वतःचं शेअरचं खातं आधीच्या एका कंपनीने धुऊन नेलेलं, म्हणून नवीन खातं बायकोच्या नावाने. विजयमालाची सही घेताना "ग्यासच्या सबसिडीचं हाय" असं सांगितलं होतं. आणि फी उद्या भरायची होती.

गाड्यांचा मिस्त्री मैनुद्दीन तेव्हाच म्हणाला होता, "लहान कंपनी हाय बे. वर गेली तर लई, पण खाली गेली तर हुडकून बी सापडायची न्हाई."

"डोंगरावर पंखा दिसतोय ना? फिरतोय तंवर कंपनी जिती," असं म्हणून बंकटने धोक्याचा विषय मिटवला होता. मोबाईलमधले आकडे खोटे बोलतील, पंखा कशाला बोलेल? तेव्हापासून त्याने शेअरचं ॲप उघडलंच नव्हतं. रोज सकाळी पंखा बघायचा आणि निवांत खाली यायचं.

त्याने घाईघाईने मैनुद्दीनला फोन करून डोंगरावर पिटाळलं. तेवढ्यात रामहरी चादर घेऊन आला. बंकटचं ऐकून त्याने आणि निम्म्या गल्लीनेही वायुलहरचे शेअर घेतलेले.

"त्वांड कावून पडलंय?"

"पंखा बंद."

रामहरीने चादर तिथेच टाकली आणि खिशातून मोबाईल काढला. जिन्यावरून उतरताना तो आणखी दोघांना ओरडून सांगत गेला. बघता बघता गल्ली शेअर विकायला बसली. कंपनी एवढीशी, एका गल्लीने विकलं तरी भाव घसरला. भाव घसरलेला बघून उरलेल्यांची खात्रीच पटली.

बंकटने ॲप उघडलं. ॲपने ओटीपी मागितला. तो गेला विजयमालाच्या मोबाईलवर, आणि विजयमाला खाली भाकरी थापत होती. बंकट धावतच चुलीपाशी आला.

"अगं, तुझ्या मोबाईलवर एक नंबर आलाय बघ."

"कशाचा?"

"ग्यासच्या सबसिडीचा."

"हात पिठाचे हाईत. थांबा जरा."

"थांबाया येळ न्हाई!"

"सबसिडी पळून चाललीय व्हय?"

लेकीच्या शिक्षणाचं वाटोळं केलं, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? इतक्यात मैनुद्दीनचा फोन आला.

"बंकट, राखणदार म्हणतोय, आज तेलपाण्यासाठी बंद ठिवलाय. आन् ऐक, ह्यो पंखा दुसऱ्याच कंपनीचा हाय. वायुलहरचा हितं एक बी पंखा न्हाई बे!"

बंकट तिथेच मटकन खाली बसला. त्याला रडूच फुटायचं बाकी होतं. "विजू, चुकलो. ऋतुजाच्या फीचे पैसे..."

"भरली फी," तव्यावरची भाकरी उलटत विजयमाला म्हणाली. "मागच्या आठवड्यातच."

"कशी?"

"खातं माझं, मेसेज मलाच येत व्हते. ऋतुजानं दावलं तसं समदं विकलं. भाव लई चांगला घावला."

"पण विकायची नेमकी येळ तुला कशी कळली?"

"मागच्या आठवड्यात एक दिस तुमी गच्चीवरून गाणं गुणगुणत खाली आलात. लगीन झाल्यापासनं बघतेय, तुमी खुश झालात की दुसऱ्या दिशी कायतरी बुडतंयच. म्या तवाच मोबाईल हातात घेतला."

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाली. दुसऱ्या दिवशी पंखा पुन्हा फिरू लागला. बंकट गच्चीवर उभा राहून त्याच्याकडे बघत होता, आणि गल्लीतल्या सगळ्या बायका आपापल्या दारात उभ्या राहून, हातात मोबाईल घेऊन, बंकटकडे बघत होत्या.