चौथा बोल्ट जेर केल्याची हकीकत

स्वस्ति. सूर्यही जेथे कुडकुडत उगवतो ऐशा अल्ताईच्या मुलखात, हिवाळा उंबऱ्याशी येऊन ठेपला असता, राजमान्य राजश्री ओचिरखू यांणी आपल्या ट्रकाचे स्टिअरिंग दुरुस्त करावयाची मोहीम मांडिली, आणि तीत चौथा बोल्ट बेइमान जाहला, आणि मग तो कैसा जेर केला, ते यथास्थित लिहितो. पदरचे काही घातले नाही. क्वचित घातले असल्यास ते शोभले म्हणोन घातले.

ओचिरखूचे श्वशुर जम्सरान हे वयोवृद्ध, हट्टास पक्के आणि उंटांचे थोर दर्दी. लोकरी तंबू, चूल, पेट्या ऐसा सारा संसार हिवाळी मुक्कामास न्यावयाचा, तो त्यांच्या घराण्यात उंटांवरोनच. गतसाली जावयाने उंट देऊन जुना रशियन ट्रक घेतला, तेव्हांपासोन म्हाताऱ्याची ट्रकावर खप्पा मर्जी. आणि मग लामांनी मुक्काम हलवावयास जो शुभ दिवस नेमिला, नेमके त्याच दिवशी सकाळी स्टिअरिंगने दगा दिला. हातातले चाक डावीकडे फिरवावे, तो ट्रक आधी विचार करी, आणि मग मर्जी जाहली तर वळे. ऐसा ट्रक घाटात घालणे म्हणजे कुटुंबकबिल्यासह दरीत उतरणे होय. तेव्हां जम्सरान यांचे फर्मान सुटले की, "सूर्य मावळायच्या आत हे धूड हललं तर ठीक. नाहीतर शेजाऱ्याचे उंट लादायचे आणि हे भंगारात घालायचं."

शेजाऱ्याने उंट आणोन बांधिलेही. ट्रक हा ओचिरखूचा जीव की प्राण, आणि उंटांचे म्हणाल तर ते त्यास पाहताच थुंकत.

ऐसियास स्टिअरिंगचा लोखंडी डबा ट्रकाच्या सांगाड्यास चार बोल्टांनी जखडलेला असतो. तो सैल होऊन तिरका जाहला होता. काढोन सरळ बसवावा, म्हणजे काम फत्ते. जम्सरान मेंढरे पाहावयास गेले तेवढ्यात ओचिरखूने तीन बोल्ट शरण आणिले. मग म्हातारा परतला, नमदा अंथरोन ऐन समोर बसला, आणि पाना सूर्याविरुद्ध फिरतो हे त्याच्या नजरेस आले. त्या मुलखात घर हलविण्याच्या दिवशी भांड्यातला डावदेखील कोणी उलटा फिरवीत नाही.

"आज माझ्यासमोर काही उलटं फिरायचं नाही," म्हातारा बोलिला. "सूर्य जातो तसं फिरव."

"बाबा, तसा फिरवला तर तो आणखी आवळतो."

"आणि उलटा फिरवला तर घराचं वाटोळं होतं. फिरव."

जावयाची जात पडली, उलट बोलवेना. थोडा सुलटा फिरवू, म्हातारा पेंगला की उलटा फिरवू, ऐसा मनसुबा करोन ओचिरखूने पाना सूर्याच्या अंगाने दाबिला. बोल्ट गंजाने घट्ट. तो जागचा हलला नाही, पाना मात्र निसटला, आणि बोल्टाच्या डोक्याचे साही कोपरे झडोन ते गोटीसारखे गुळगुळीत जाहले. मग पाना लावावा तो नुसताच गरगर फिरे. म्हातारा तर टक्क जागा.

इतक्यात वाटेने झुंदुई नामे ट्रकवाला आला. उघड्या बॉनेटावरोन पुढे निघोन जाईल ऐसा ड्रायव्हर त्या माळावर जन्मला नाही. तो उतरला, आणि मग रिवाजाप्रमाणे तपकिरीच्या कुप्यांची अदलाबदल जाहली, मेंढरांच्या चरबीची चौकशी जाहली, खारा चहा जाहला, आणि सूर्य तेवढा कलला. त्याउपरी झुंदुई ट्रकाखाली सरपटला.

"हे डोकं कोणी तासलं रे? बोल्टाचं आहे की लामाचं?"

ओचिरखूने नुसते सासऱ्याकडे पाहिले.

मग झुंदुईच्या मसलतीने कानशीने डोक्याच्या दोन बाजू घासोन सपाट केल्या, शेणाच्या गोवऱ्यांचे निखारे लावोन बोल्ट तापविला, पाइपपाना चढविला, आणि जोर यावा म्हणोन त्याच्या दांड्यावर जॅकचा नळ सरकविला. तोफखाना सिद्ध जाहला. बत्ती कोणी द्यावी, येथे घोडे अडले.

"फिरव की," ओचिरखू पुटपुटला.

"मी? तुझ्या सासऱ्यादेखत उलटा? माझा याक मेला तर? तू फिरव."

"मी जावई आहे."

"मग बस चहा पीत."

निखारे विझू लागले. दूर उंट रवंथ करीत होते. ओचिरखूस रडू यावयाचेच बाकी राहिले.

तेव्हां त्याची स्त्री तुंगलाग तंबूतून निघाली. तिणे चहाची किटली बापापुढे न ठेविता ट्रकाच्या पलीकडच्या अंगास नेली, तेथे दुसरा नमदा अंथरिला आणि हाक दिली, "बाबा, तिथं वारा लागतोय. इकडं आडोशाला या बघू."

वारा त्या दिवशी औषधालाही नव्हता. म्हाताऱ्याने लेकीकडे पाहिले, उठला, ट्रकास उजवी घालोन पलीकडे गेला आणि बसला. तेथोन चाकाच्या आणि इंजिनाच्या फटीतून बोल्टाचे मागले शेपूट साफ दिसे. मग ओचिरखूने नळास लोंबकळोन शर्थ केली. बोल्ट किंचाळला, गंज झडला, आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांदेखत शेपूट सूर्याच्या अंगाने फिरू लागले.

"हं," म्हातारा चहाचा घोट घेत बोलिला, "आता सुलटा फिरतोय. सकाळपासून काय सांगत होतो?"

चौथा बोल्ट कैद जाहला. डबा सरळ बसला, झुंदुईने आपल्या डब्यातील नवा बोल्ट नजर केला. आणि मग आवळावयाची वेळ आली, तेव्हां कोणी न सांगता जम्सरान वाटी घेऊन उठले, आणि फिरोन पहिल्या जागी येऊन बसले. झुंदुईने तोंड फिरवोन हसू दाबिले.

सूर्य मावळण्याआधी संसार लादोन स्वारी निघाली. घाटमाथ्यावरील ओवो नामे देवस्थानाच्या दगडी राशीस रीतीप्रमाणे ट्रकाने प्रदक्षिणा घातल्या, आणि चाक फिरे तैसा ट्रक वळे, तसूभर चूक नाही. शेजारी अडीनडीस म्हणोन उंट घेऊन मागोमाग येत होता, त्यास म्हाताऱ्याने खिडकीतून ओरडोन हुकूम केला, "उंट परत ने. लागायचे नाहीत." ओचिरखूने उगाच एक प्रदक्षिणा अधिक घातली.

तुंगलागने हळूच पुसिले, "बाबा, तुम्हाला कळलं होतं ना?"

"बसायची जागा बदलली की उलट्याचं सुलटं होतं, हे न कळायला मी काय बोल्ट आहे?" म्हातारा बोलिला. "पण एकदा हट्ट धरला की माणसाला आपणहून उठता येत नाही, पोरी. कोणीतरी 'या' म्हणावं लागतं. तू फार उशीर केलास."

येणेप्रमाणे फत्ते जाहली, ट्रक घरी राहिला, आणि त्या दिवशी कोणाचाही शब्द मोडला नाही, ऐसे नमूद करितो.