जावईबापूंनी मोजलेला दात

बोटांनी सुटणाऱ्या गाठीला दात लावू नयेत, हे नानांना लहानपणापासून ठाऊक होतं. तरी पार्सलची सुतळी सुटेना म्हणून त्यांनी ती दातांत धरली आणि हिसका दिला. सुतळी शाबूत राहिली. समोरचा दात तळहातावर आला.

पार्सलमध्ये वाचनालयातल्या बाईंसाठी मागवलेलं पुस्तक होतं. रविवारी बाई पहिल्यांदाच चहाला यायच्या होत्या, आणि पत्नीच्या मागे इतकी वर्षं एकट्यानं काढलेले नाना त्यांना लग्नाचं विचारणार होते. ते असं खिंडार पडलेल्या तोंडानं विचारायचं?

नशिबानं मुलगी दातांची डॉक्टर. "घाबरू नका बाबा," ती म्हणाली. "काढता-घालता येईल असा दात करून घेते. शेजारच्या दाताशी रंग जुळला की कुणाला पत्ता लागणार नाही."

"रंग मी मोजतो!" जावईबापू उसळले.

त्यांनी घरच्या घरी एक ॲप बनवलं होतं. फोनच्या पडद्यावरून लाल, हिरवा, निळा उजेड वस्तूवर टाकायचा, परत येणारा उजेड फोनच्याच सेन्सरनं मोजायचा, की रंगाचा आकडा हजर. महिनोन्महिने खपून केलेल्या त्या ॲपनं आजवर फक्त घरातले पडदे आणि उशांचे अभ्रे मोजले होते.

"माझ्याकडे नमुन्याच्या दातांची पट्टी आहे," मुलगी म्हणाली.

"पट्टी डोळ्यांनी बघतात. डोळे फसतात."

जावयाचा आशाळभूत चेहरा बघून नाना विरघळले. "मोजू दे गं त्यांना. तोंड माझं आहे ना?"

बाहेरचा उजेड नको म्हणून संध्याकाळी सासरे-जावई एका चादरीत शिरले.

"दात दाखवा, बाबा. हलू नका."

"आं आं?"

"बोलूही नका."

दात आला तो मक्याच्या दाण्यासारखा पिवळाधमक. मुलीनं दात बनवणाऱ्या तंत्रज्ञाला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्याच आकड्यावर केलाय. मला वाटलं, पेशंट विड्या फुंकत असणार."

शोध घेता कळलं, डोळ्यांना त्रास नको म्हणून जावईबापूंचा फोन संध्याकाळ झाली की आपोआप पडदा पिवळसर करायचा. "बघा, चूक ॲपची नाहीच!" म्हणत त्यांनी भर दुपारी पुन्हा चादर पांघरली.

दुसरा दात रविवारी, ऐन वेळेवर आला. ट्यूबलाइटसारखा पांढराफटक. आता मुलीनं फोन स्वतः हातात घेतला, नानांच्या तोंडाला लावून पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अहो, तुमचा सेन्सर दातावर नाही, बाबांच्या पांढऱ्या मिशीवर टेकतोय!"

"म्हणजे मिशी अगदी बरोबर मोजली," जावईबापू पुटपुटले.

तेवढ्यात दाराची बेल वाजली.

"पिवळा द्या," नाना घाईनं म्हणाले. "तो निदान लांबून चमकणार नाही. मी तोंडच उघडत नाही."

मुलगी आणि जावई स्वयंपाकघरात पसार झाले. बाईंनी गप्पांना सुरुवात केली. नाना मिटल्या ओठांनी म्हणाले, "हं." बाईंनी वाचनालयातल्या मांजरीची गंमत सांगितली. नानांनी हसू गिळलं. डोळ्यांत पाणी आलं. पुस्तक दिलं तेही मुकाट्यानंच.

बाईंनी कप खाली ठेवला. "माझं येणं तुम्हाला रुचलेलं दिसत नाही. निघते मी."

"नाही हो!" नाना ओरडले, आणि सगळी बत्तिशी उघडी पडली. तोंडावर हात गेला, पण उशिरा.

"हे लपवत होतात?" बाई पुढे झुकल्या. "दाखवा बघू. अहो, बाकीचे इतके एकसारखे आहेत की ते बसवलेले वाटतात. हा एकच तेवढा खरा दिसतो."

स्वयंपाकघरात काहीतरी धाडकन पडलं.

गप्प राहिले असते तर नानांचं निभावलं असतं. पण ज्या बाईला जन्माची सोबत मागायची, तिच्याशी सुरुवातच लबाडीनं करणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी दात काढला, बशीत ठेवला आणि म्हणाले, "बाकीचे माझे आहेत. खोटा तेवढा हाच." आणि त्याच दमात, धीर सुटायच्या आत, त्यांनी जे विचारायचं ते विचारून टाकलं.

बाई बशीवर वाकल्या. मग पदरानं डोळे पुसेपर्यंत हसल्या.

"राहू दे तो बशीतच," त्या म्हणाल्या. "आणि प्रश्न पुन्हा विचारा. मघाशी फटीतून नुसती हवाच आली."