कोल्ह्यास गोळी कोणती घालावी, याची हकीकत

कुलस्वामी ऐकणाऱ्यांस आयुष्य देवो आणि सांगणाऱ्यास आठवण देवो. शके सतराशे एक, विकारी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी एका डोंगरी राज्यात कोल्ह्यांनी उच्छाद मांडिला. रोज पहाटे सरकारी मेंढवाड्यातून एक कोकरू नेत आणि समोरच्या टेकाडावर बसून ऐसी कोल्हेकुई करीत की महाराजांचा नगारखाना त्यापुढे फिका पडे. तशात महाराजांचे गुडघे थंडीने धरिले होते आणि वैद्याने सांगितले होते की कोल्ह्याचे कातडे बांधावे, परंतु कातडे अखंड पाहिजे. मग महाराजांनी दरबार भरविला आणि पुसिले, "कोल्ह्यास गोळी कोणती घालावी?" तोफखान्याचे सरदार गणोजीराव मिशीस पीळ देऊन बोलिले, "जंबुरा तोफ उंटावर चढवितो. पाव शेराचा गोळा. कोल्हा काय, टेकाडसुद्धा राहणार नाही." तैसे केले आणि कोल्हा खरोखर पडला, परंतु शेपटाखेरीज काही सापडले नाही. महाराज ते शेपूट हाती धरून म्हणाले, "गणोजीराव, हे कोणत्या गुडघ्यास बांधू?" मग कारभारी त्रिंबकपंत, ज्यांनी जन्मात बंदूक धरिली नव्हती, त्यांनी छर्रा सुचविला, आणि छर्‍याने कातड्याची चाळण जाहली, ती मुदपाकखान्यात पीठ चाळावयास दिली.

शेवटी सुभानजी बरकंदाजास बोलाविले. त्याची बंदूक लांब नळीची, गोळी नऊ मासे वजनाची, लहानशा बोराएवढी, आणि शंभर पावलांवरून नारळाचा डोळा फोडील ऐसी ख्याती. परंतु आषाढात त्याची बायको आवडाई तापाने वारली, तेव्हापासून बंदूक खुंटीस होती. ती त्याने काढिली आणि मेंढवाड्यापाशी बसला. पहिल्या दिवशी गोळी कोल्ह्याच्या डावीकडून गेली, दुसऱ्या दिवशी उजवीकडून गेली, आणि तिसऱ्या दिवशी कोल्हा जांभई देऊन जागीच बसून राहिला. गणोजीराव खो खो हसले आणि म्हणाले, "सुभान्या, तूच हल, तो काही हलायचा नाही!" त्रिंबकपंत म्हणाले, "गोळी हलकी पडते, बारा मासे करा." गणोजीराव म्हणाले, "चोवीस करा." ऐसा वाद दोन घटका चालला. वजनात काही चूक नाही हे सुभानजीस ठाऊक होते. ती गोळी नळीत सैल बसे. चरबी लावलेल्या चिंधीत गुंडाळून ठासावी, तरच सरळ जाई. ती चिंधी आवडाई करी. जुन्या लुगड्याचा तुकडा फाडी, चरबी चोळी आणि हाती देताना म्हणे, "घ्या. आता चुकलात तर दोष तुमचा." त्या चिंध्या सरल्या होत्या. घरी तिचे एकच लुगडे उरले होते, हिरवे, बारा वर्षे नेसून मऊ जाहलेले, आणि ते गाठोडे त्याने सोडिले नव्हते.

त्याने दरबारात एवढेच सांगितले की चिंधी पाहिजे. महाराजांनी आपला शेला दिला, तो तलम, बारासरशी जळून गेला. तंबूचे कापड घातले, ते जाड, गोळी नळीत अडकली आणि ठासावयाचा गज मोडला. मग पंतांची पगडी उलगडिली, तिला खळ फार, ती गोळीभोवती बसेना, आणि पंत उघड्या डोक्याने शिंकत घरी गेले. महाराज म्हणाले, "उद्या साधले तर ठीक, नाहीतर पुन्हा जंबुरा."

सांजेस मेंढवाड्याची धनगरीण काळुबाई सुभानजीच्या दारी आली आणि म्हणाली, "दादा, अठरा कोकरं गेली. आया ओरडून ओरडून चारा खाईनात. वहिनीच्या चिंध्या सरल्या का?"

"सरल्या."

"मग फाडा की एखादं लुगडं."

"एकच हाय."

काळुबाई म्हणाली, "मग ऱ्हाऊ द्या, दादा. जंबुरा तर जंबुरा," आणि निघून गेली. मग सुभानजीने गाठोडे सोडिले आणि काठ सांभाळून बोटभर पट्टी फाडिली.

पहाटे महाराज शाल पांघरून, गणोजीराव मिशी सावरून आणि पंत नवी पगडी घालून पाहावयास आले. कोल्हा टेकाडावर आला, बसला आणि नेमाप्रमाणे जांभई देऊ लागला. सुभानजीने बार केला आणि कोल्हा जांभईसकट आडवा जाहला. धुरातून हिरवी चिंधी निघाली आणि पंधरा पावलांवर गवतात जळत पडली. सुभानजी बंदूक टाकून धावला आणि ती चिंधी चिमटीत विझवू लागला. महाराज ओरडले, "सुभानजी, कोल्हा तिकडे!"

तो म्हणाला, "तो आता कुठं जातो, महाराज."

येणेप्रमाणे कोल्ह्यास गोळी नऊ माशांची ठरली आणि दरबारची मोहोर जाहली. त्या थंडीत सात कोल्हे पडले, महाराजांचे दोन्ही गुडघे उबेत राहिले, कोकरे वाढली. लुगडे अठरा हात होते, ते सतरा हात राहिले. इतकी हकीकत.